समोरच्या बिल्डिंगचा सातवा मजला

इर्ल्याच्या बाजारात टॉर्च घ्यायला गेलं की दुकानदार हमखास एकच प्रयोग करून दाखवतो. खोक्यातून टॉर्च काढतो, काउंटरखालून वाकून बाहेर येतो आणि रस्त्यापलीकडच्या बिल्डिंगवर झोत मारतो. “बघा काका, सातवा मजला. दोन किलोमीटर जातो.” सातव्या मजल्यावर कुणाचा तरी वाळत घातलेला टॉवेल लख्ख दिसतो. टॉवेलाचा मालकही खिडकीत येऊन खाली बघतो. मी कौतुकाने मान हलवतो आणि जुहूला परत येताना रिक्षात आठवतं की मला बघायची होती ती आमच्या जिन्याची शेवटची पायरी. ती बाकीच्या पायऱ्यांपेक्षा दोन बोटं उंच आहे. दिवे गेले की दर वेळी कुणीतरी तिथेच ठेचकाळतं.

गेल्या दोन वर्षांत मी मिळतील तेवढ्या टॉर्च हाताळल्या. घरच्या, शेजाऱ्यांच्या, ट्रेकला जाणाऱ्या भाच्याच्या, आमच्या वॉचमनच्या. “हिचा उजेड जास्तीत जास्त किती?” हा सगळ्यांचा पहिला प्रश्न असतो, माझाही होता. आता मी आधी विचारतो, कमीत कमी किती? दुकानदार अशा वेळी माझ्याकडे ज्या नजरेने बघतो, तिची मला सवय झाली आहे.

मुळात जुहूत अंधार आहे कुठे, असंही कुणी म्हणेल. चौपाटीवर उंच खांबांवरचे दिवे, भेळवाल्यांचे दिवे, जुहू तारा रोडवर हॉटेलांचे. मुंबईत वीज जात नाही ही आपली जुनी फुशारकी, आणि ती बरीचशी खरीही आहे. पण जाते तेव्हा नीट जाते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. उपनगरांत पाण्यामुळे वीज तोडावी लागली आणि काही वस्त्यांत ती दिवसचे दिवस आली नाही. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमाराला सगळी मुंबईच बंद पडली. बाहेर लख्ख ऊन होतं, पण लिफ्टच्या डब्यात आणि बिनखिडकीच्या जिन्यात मध्यरात्र होती. म्हणजे आपल्याकडचा अंधार क्वचित येतो, थोडा वेळ राहतो आणि दहा-पंधरा पावलांचा असतो. टॉर्च निवडायची ती या अंधारासाठी. जाहिरातीतला माणूस जंगलात एकटा उभा असतो, त्याच्या अंधारासाठी नव्हे.

थोडं नावाबद्दल. पुस्तकात विजेरी, गावाकडे काही भागांत चोरबत्ती, आणि बोलण्यात सरसकट ‘बॅटरी’. “बॅटरी मार रे जरा” म्हटलं की मराठी माणसाला कळतं. चष्मेवाल्या पोराला वर्गात ‘ए बॅटरी’ म्हणतात तेही यातूनच. या लेखात मी टॉर्च म्हणतो, कारण बॅटरी म्हटलं तर आतल्या सेलबद्दल बोलताना घोळ होईल, आणि खरी गोम त्या सेलमध्येच आहे.

नळकांड्यात एकापुढे एक सेल ठेवून पुढे दिवा लावायची कल्पना डेव्हिड मिझेल या न्यूयॉर्कमधल्या इंग्रजाची. तिचं पेटंट जानेवारी १८९९ चं. तेव्हाचे सेल इतके अशक्त होते की दिवा सलग जळायचा नाही, बटण दाबून क्षणभर चमकवायचा. अमेरिकन लोक टॉर्चला अजून ‘फ्लॅशलाइट’ म्हणतात ते त्यामुळे. मिझेलकडून हक्क घेणाऱ्या कंपनीच्या मालाचं नाव एव्हरेडी. नऊच्या आकड्यातून उडी मारणारं मांजर आपल्या लहानपणी लाल सेलवर असायचं, ते याच घराण्यातलं. हे सेल आपल्याकडे बनवणारी युनियन कार्बाइड इंडिया आणि भोपाळच्या कारखान्याची युनियन कार्बाइड एकच, हे मला फार उशिरा कळलं.

त्या काळच्या दोन सेलच्या टॉर्चचा उजेड जेमतेम पंधरा-वीस लुमेन असेल. त्यावर माणसांनी ओढे ओलांडले, दशावतार बघून रात्री दोनला घर गाठलं, बाळंतपणं केली. जपानच्या निचिया कंपनीत शुजी नाकामुरांनी १९९३ मध्ये चांगला प्रखर निळा एलईडी केला. निळ्यावर पिवळा लेप देऊन पांढरा प्रकाश काढायची युक्ती तीन वर्षांत बाजारात आली आणि सगळंच बदललं. आज अंगठ्याएवढी टॉर्च हजार लुमेन फेकते. नाकामुरांना आणखी दोघांबरोबर २०१४ चं नोबेल मिळालं, ते योग्यच. पण प्रकाश इतका स्वस्त झाल्यावर खोक्यावरचे आकडेही स्वस्त झाले.

ते आकडे वाचायचे कसे? बागेतला पाइप डोळ्यांपुढे आणा. पाइपातून एकूण किती पाणी येतं ते लुमेन. तोंडावर अंगठा धरला की पाणी तेवढंच राहतं, पण धार लांब जाते. एका दिशेला किती जोर आहे, ते कँडेला. दुकानदाराच्या टॉर्चला अंगठा धरलेला असतो. धार सातव्या मजल्यापर्यंत पोहोचते आणि पायाखालची पायरी कोरडी राहते. जिन्यासाठी, घरासाठी, गावच्या अंगणासाठी अंगठा काढलेली टॉर्च हवी, म्हणजे पसरट झोताची. आमच्या वॉचमनला मात्र धारच हवी, कारण त्याला गच्चीवरची टाकी आणि पार्किंगचा शेवटचा कोपरा खुर्चीवरून न उठता बघायचा असतो.

‘पल्ला २०० मीटर’ असं लिहिलेलं असतं, तोही समजून घेण्यासारखा प्रकार आहे. अमेरिकेत २००९ पासून टॉर्च मोजायचं एक प्रमाण आहे, एफएल-१. चांगल्या खोक्यांवर त्याची चित्रं असतात. त्यात पल्ला म्हणजे जिथे प्रकाश पाव लक्सवर येतो ते अंतर. पाव लक्स म्हणजे साधारण पौर्णिमेचं चांदणं. सिंधुदुर्गातल्या सड्यावर अमावस्येला तेवढा उजेड पुष्कळ झाला. जुहू चौपाटीवर मात्र तुमची टॉर्च लागायच्या आधीच त्याहून जास्त उजेड पडलेला असतो, त्यामुळे तिथे २०० मीटरवर मारलेला झोत दिसतसुद्धा नाही. हिशोबही सोपा आहे. कँडेलाचं वर्गमूळ काढा, दुप्पट करा, तेवढे मीटर. दहा हजार कँडेलाला २०० मीटर. पल्ला दुप्पट करायचा तर कँडेला चौपट लागतात. आमच्या दुकानदाराच्या दोन किलोमीटरसाठी दहा लाख कँडेला लागतील. त्याच्या हातातल्या साडेतीनशे रुपयांच्या टॉर्चमध्ये ते कुठून येणार!

त्याच प्रमाणात आणखी एक मेख आहे. ‘तीन तास चालते’ म्हणजे उजेड सुरुवातीच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंत तीन तास. लुमेन मोजतात ते टॉर्च लावल्यावर अर्ध्या मिनिटाच्या सुमाराला. म्हणजे हजार लुमेन तीन तास असं लिहिलं असलं तरी हजार बहुधा दोन-चार मिनिटंच मिळतात. मग टॉर्च तापते आणि स्वतःच उजेड उतरवते. मे महिन्यात आमच्या गच्चीवर भाच्याची हजार लुमेनवाली हातात धरवेनाशी झाली आणि पाचव्या मिनिटाला तिचा उजेड शेजारच्या साध्या टॉर्चएवढा झाला. ती चालली रात्रभर, पण हजारावर नाही. खोक्याच्या मागे बारीक अक्षरात एक आलेख असतो, वेळेप्रमाणे उजेड कसा उतरतो याचा. तो असेल तर कंपनी बरी आणि नसेल तर आकडा निम्मा धरून चालावं, असा माझा खाक्या आहे.

मोबाइल आहे की, टॉर्च कशाला? हा प्रश्न मला रोज ऐकावा लागतो. फोनचा उजेड सहसा पन्नास लुमेनच्या आत-बाहेर, झोत पसरट. जिन्यासाठी खरंच पुरतो. दोष उजेडात नाही. वीज जाते तेव्हाच फोन वाचवायचा असतो. २००५ च्या त्या रात्री माणसं उजेडापेक्षा ‘मी सुखरूप आहे’ एवढं सांगायला तडफडत होती. शिवाय ओल्या हाताने, छत्री सांभाळत, पावसात फोन पुढे धरून चालणं हा काही सुखाचा प्रकार नाही.

आता सेल. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण टॉर्च वाईट निघाल्याच्या दहा तक्रारींतल्या आठ खरं तर सेलच्या असतात.

आमच्या खणात एक टॉर्च होती, मागून दोन पिनांचा प्लग बाहेर येणारी. दिवाळीला चार्ज केली, जूनमध्ये वीज गेली, आणि बटण दाबल्यावर आतून लाल ठिपका दिसला, बस. चार्जला लावली तरी पुन्हा उठली नाही. कंपनीला शिव्या द्यायच्या आधी आत काय आहे ते उघडून बघितलं. शिशाची छोटी बॅटरी, स्कूटरमध्ये असते तिचं पिल्लू. ही जात रिकामी पडून राहिली की मरते, महिन्या-दोन महिन्यांनी तिला चार्ज लागतोच. वॉचमनकडे तीच टॉर्च तीन वर्षं चालली आहे, कारण तो ती रोज रात्री वापरतो आणि रोज सकाळी लावतो. वस्तू तीच, पण खणासाठी चुकीची आणि चौकीसाठी बरोबर.

दुसऱ्या एका टॉर्चमध्ये अल्कलाइनचे पेन्सिल सेल विसरले होते. झाकण फिरेना. पक्कड लावून उघडलं तर स्प्रिंगवर पांढऱ्या भुऱ्याची दाट लव आणि मधे हिरवट ठिपके. सेल गळले होते. इअरबडला थोडं व्हिनेगर लावून पुसलं, मग खोडरबराने पितळी टिकली घासली, आणि ती लागली. आमच्याकडे खारा वारा आहे. जुहूत खिडकीचे गज, एसीची जाळी, सगळंच लवकर खातं, टॉर्चची स्प्रिंग कशी सुटेल? म्हणून खणातल्या टॉर्चसाठी माझा साधा नियम आहे. सेल बाहेर, कागदात गुंडाळून, टॉर्चलाच रबरबँडने बांधलेले. अंधारात भरायची सवय हाताला होते. स्प्रिंगकडे सपाट बाजू, एवढंच लक्षात ठेवायचं.

तिसरी जात लिथियमची. जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीत असायचा तो बोटाएवढा १८६५० सेल. १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब, नावातच माप. आज बऱ्याच चांगल्या टॉर्च यावर चालतात आणि सी-टाइप वायरने चार्ज होतात. महिनोन्‌महिने पडून राहिला तरी हा सेल फारसा उतरत नाही. पण बाजारात यावर ‘९९०० एमएएच’ छापलेलं सर्रास मिळतं, आणि ते धादांत खोटं आहे. या मापाचा चांगला सेल साधारण ३५०० पर्यंत जातो. ओळखायची युक्ती म्हणजे स्वयंपाकघरातला वजनकाटा. खरा सेल ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो. मी स्वस्तातला एक आणून ठेवला, तर २८. आत काय होतं देव जाणे. सेलवर भारतीय मानक ब्युरोची नोंदणी, आयएस १६०४६, छापलेली बघावी आणि बिनछाप सेल रात्रभर उशाशी चार्जला लावू नये.

आता पुन्हा जुहूला, पण चौपाटीकडे पाठ करून खडकांकडे. २०१७ पासून ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ची मंडळी लोकांना सुकतीला किनाऱ्यावर घेऊन जातात आणि दाखवतात की आपण ज्याला घाण पाणी म्हणून नाक मुरडतो त्यात किती जीव नांदतात. आमच्याकडे अमावस्या-पौर्णिमेला भरती भर दुपारी आणि मध्यरात्री येते, म्हणून मोठी सुकती सकाळी नि संध्याकाळी सहा-सातच्या सुमाराला. हिवाळ्यात ती वेळ म्हणजे काळोख. कोळीवाड्यातल्या माणसाला हे पंचांगासारखं पाठ असतं. मला टॉर्चमुळे शिकावं लागलं.

पहिल्या खेपेला मी भाच्याची हजारवाली घेऊन गेलो. डबक्यावर झोत मारला तर पाण्याने तो सगळा माझ्याच डोळ्यांत परत फेकला. शेजारच्या बाईंकडे छोटी, पिवळसर उजेडाची टॉर्च होती. त्यांनी ती पाण्यालगत आडवी धरली, आणि खडकाच्या कपारीत एक शंख चालताना दिसला, आत खेकडा. माझ्या प्रखर पांढऱ्या उजेडात कपार, शेवाळ, शंख सगळं एकाच राखाडी रंगाचं झालं होतं. त्यांच्यात शेवाळ हिरवं होतं, शंखावरच्या तपकिरी रेघा मोजता येत होत्या. याला रंगनिष्ठा म्हणा. खोक्यावर ‘सीआरआय’ म्हणून आकडा असतो, १०० म्हणजे उन्हासारखा. नव्वदच्या पुढे चांगला, सत्तरच्या आसपास नेहमीचा. सीआरआय वाढवला की लुमेन कमी होतात म्हणून जाहिरातवाले त्याबद्दल बोलत नाहीत. मी निम्मे लुमेन देऊन हा आकडा घेईन.

एकाकडे अतिनील टॉर्च होती, नोटा तपासायला वापरतात तसली. तिच्या उजेडात खडकाला चिकटलेले झोअँथिड, प्रवाळांचे भाऊबंद, हिरवे-केशरी पेटले. लाल विंचवाच्या देशात या टॉर्चचा खरा उपयोग मात्र गावी आहे. विंचू अतिनील उजेडात निळसर-हिरवा चमकतो. अंथरूण, चपला, लाकडाची रास तिने बघून घेता येते. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिनने विंचूदंशाचे मृत्यू आटोक्यात आणले, त्याच कोकणात ही तीन-चारशेची टॉर्च आजोळच्या घरात असायला हरकत नाही. ३६५ नॅनोमीटरची बघून घ्या. ३९५ ची स्वस्त असते, पण तिचा जांभळा उजेडच इतका की चमक झाकली जाते. आणि तिच्याकडे थेट बघू नये.

गावाचा विषय निघालाच आहे तर चाकरमान्यांसाठी एवढंच. गणपतीला, शिमग्याला निघताना बॅगेत पसरट झोताची, उबदार रंगाची टॉर्च टाका. मण्यार रात्री हिंडते. फुरसं तर वाळल्या पाल्याच्या रंगाचंच, ते दूरच्या झोतात नाही, पायापुढच्या दोन मीटरांत दिसायला हवं. झोत लांब मारून भराभर चालणाऱ्याला ते दिसणार नाही. ट्रेकला डोक्यावरची टॉर्च उत्तम, दोन्ही हात मोकळे. फक्त पावसाळी धुक्यात ती काढून कमरेजवळ हातात धरा. डोळ्यांजवळचा उजेड धुक्यावरून उलट येतो आणि पुढे पांढरी भिंत उभी राहते. हरिश्चंद्रगडाच्या वाटेवर भाच्याने ही भिंत अर्धा तास बघितली, मग कुणीतरी सांगितलं.

टॉर्च पाणी किती सोसते ते खोक्यावर ‘आयपीएक्स’पुढच्या आकड्यात असतं. पावसासाठी आयपीएक्स-४ पुरतं, चौपाटीसाठी ७ घ्या, म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास. एसओएस आणि लुकलुक ज्या टॉर्चमध्ये बटणाच्या त्याच फेऱ्यात येतात, ती घेऊ नका. जिन्यात ती चुकून लागली की म्हाताऱ्या माणसाचा तोल जातो.

आणि काही ठिकाणी टॉर्च नसलेलीच बरी, हेही या आढाव्यात यायला हवं. मार्च २०१८ मध्ये आमच्या शेजारच्या वर्सोव्याच्या वाळूतून ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं निघाली. पिल्लं उजळ क्षितिजाकडे, म्हणजे समुद्राकडे चालतात. मागून पांढरा झोत आला की उलटी वळतात. वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रने २००२ पासून कासवांसाठी गाव उभं केलं. अशा ठिकाणी रात्री गेलात तर लाल उजेड, तोही विचारून. पाऊस यायच्या आधी भंडारदऱ्याकडे काजवे बघायला जाणाऱ्यांनी तर टॉर्च खिशातच ठेवावी. तिथे नर काजवा मादीला खुणा करत असतो, आपण मधे काय उजेड पाडणार? उजेडाची हाव समुद्रातही पोहोचली आहे. बोटींवरून प्रखर एलईडी सोडून मासे गोळा करायच्या पद्धतीवर केंद्राने २०१७ मध्ये बंदी घातली. ती कितपत पाळली जाते ते मालवणच्या रापणवाल्या मच्छीमारांना विचारा.

एवढं सगळं करून मी अखेर आत्यासाठी टॉर्च घेतली. तिचं वय ऐंशीच्या घरात. साठीतल्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्याच्या तिसरा हिस्साच प्रकाश पोहोचतो असं सांगतात. म्हणजे तिला जास्त उजेड हवा, पण चकाकी मात्र सोसत नाही. उबदार रंग, सीआरआय नव्वदच्या वर, एकच बटण, सगळ्यात खालचा उजेड तीन लुमेन, जो रात्री बाथरूमला जायला पुरावा. किंमत अडीच हजार, जी मी तिला आठशे सांगितली. खिळा ठोकून पलंगाशेजारी टांगून दिली, दोनदा शिकवलं.

आठवड्याने गेलो तर टॉर्च खिळ्यावरच होती, पण तोंडाला तपकिरी कागद आणि त्यावर रबरबँड. वह्यांना घालतो तो कागद, काठ नीट दुमडून बसवलेला.

“आत्या, हे काय?”

“अरे, डोळ्यावर येतं. एकाहत्तर साली आम्ही असंच करायचो. भोंगा झाला की सगळ्यांच्या बॅटऱ्यांना कागद.”

मी दिवा मालवून ती लावून बघितली. कागदातून मऊ, तांबूस उजेड जमिनीभर पसरला. झोत नाही, कडा नाही, चपला दिसत होत्या, उंबरा दिसत होता. मी खिशातून फोन काढून त्या कागदाचा फोटो घेतला, तेवढ्यात आत्या म्हणाली, “कागद एकेरी ठेव हं. दुहेरी केला की काहीच दिसत नाही.”